क्वीनचा चौथा माणूस : जॉन डीकनचा बेस ऐकायला कसं शिकावं

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं नाव घेतलं की पहिला आठवतो फ्रेडी मर्क्युरी. आपल्याला तर तो अंमळ जवळचाच, कारण तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथल्याच 'हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा. मग आठवतो ब्रायन मे, ते भरगच्च कुरळे केस आणि वडिलांबरोबर घरी बनवलेली ती गिटार. मग ड्रम्सवरचा रॉजर टेलर. चौथं नाव विचारलं की बरेच जण अडखळतात. तो चौथा म्हणजे जॉन डीकन, बेस गिटार वाजवणारा.

गंमत अशी की क्वीनचं एकही गाणं न ऐकलेल्या माणसालाही डीकनच्या बेसच्या दोन ओळी, म्हणजे दोन छोट्या सुरावटी, गुणगुणता येतात. त्या कोणाच्या आहेत, हे मात्र त्याला ठाऊक नसतं. दोन्हींत मिळून मोजके चार-पाच स्वर आहेत. इतक्या थोड्यात इतकं कसं साधतं, हे ज्याला कानाने समजून घ्यायचंय त्याच्यासाठी हा लेख आहे. संगीताचं शिक्षण नसलं तरी चालेल. बेस गिटार आयुष्यात हातात धरली नसली तरीही चालेल. रोज अर्धा तास आणि बरे इअरफोन, एवढं पुरे.

पहिली पायरी : फोनचा स्पीकर बंद करा

ही पायरी गाळू नका, सगळं हिच्यावर उभं आहे. बेस गिटारला साधारणपणे चार तारा असतात. जाडीकडून बारीककडे गेलं तर ई, ए, डी, जी. साध्या गिटारच्या वरच्या चार जाड तारांचेच हे स्वर, फक्त एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की तिचं कंपन सेकंदाला साधारण ४१ वेळा होतं. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला इतकं खालचं झेपतच नाही. तुम्हाला ऐकू येतात ते त्या स्वराचे वरचे अंश, आणि उरलेलं मेंदू आपल्या पदरचं भरून काढतो. फोन स्टीलच्या पेल्यात किंवा वाटीत ठेवून गाणी ऐकायची सवय असेल तर तीही मोडा. त्याने आवाज मोठा होतो, पण खालचं काहीच वाढत नाही.

कानात नीट घट्ट बसणारे इअरफोन घ्या. महागच हवेत असं नाही, पण सैल नकोत. सैल इअरफोनमधून सगळ्यात आधी बेसच निसटतो. घरात जुना, मोठ्या खोक्याचा स्पीकर असेल तर फारच छान. आणि फोनमधलं 'बेस बूस्ट' बंद ठेवा. नवखे लोक ते मुद्दाम चालू करतात, मग ड्रमचा धपका आणि बेसचा स्वर यांचा एकच लगदा होतो. आपल्याला ते दोघे वेगळे ऐकायचे आहेत.

दुसरी पायरी : ज्यात बेस नाही असं गाणं ऐका

हे उलटं वाटेल, पण करून पाहा. १९७७ सालचं 'वी विल रॉक यू' लावा. पाय आपटण्याचे आणि टाळ्यांचे आवाज, फ्रेडीचा गळा आणि शेवटी ब्रायनची गिटार. ध्वनिमुद्रणात बेस नाही, ड्रमसेटही नाही. खाली जमीन उघडी पडलेली आहे आणि गाण्याला तेच हवं आहे. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या तबकडीवर लगेच पुढचं गाणं 'वी आर द चॅम्पियन्स' आहे. ते तसंच चालू राहू द्या. गाणं भरत जातं तसं पायाखाली काहीतरी उबदार, गोल, जड येऊन बसतं. ते जे येऊन बसलं, तो डीकन.

दोन-तीनदा हे एका गाण्यातून दुसऱ्यात जाणं ऐका. बेस म्हणजे काय हे कुठल्याही व्याख्येपेक्षा इथे लवकर कळतं.

तिसरी पायरी : एकच ओळ, पंचवीस वेळा

आता मुख्य धडा. गाणं 'अनदर वन बाइट्स द डस्ट', साल १९८०, 'द गेम' या तबकडीवरचं. शब्द आणि चाल दोन्ही डीकनची. सुरुवातच बेसने होते, त्यामुळे शोधावं लागत नाही.

हे गाणं आलं कुठून ते थोडक्यात सांगतो, कारण ऐकताना उपयोग होतो. न्यूयॉर्कचा 'शीक' नावाचा बँड, त्यांचा बेसवादक बर्नार्ड एडवर्ड्स. त्यांचं १९७९ चं 'गुड टाइम्स' डिस्कोच्या काळातलं अफाट लोकप्रिय गाणं. डीकन त्या मंडळींच्या स्टुडिओत जाऊन बसला होता. लहानपणापासून त्याचा कान रॉकइतकाच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताकडे होता, आणि त्यातली एक गोष्ट त्याने नेमकी उचलली : बेसने पुढे यायचं, पण बडबड करायची नाही. म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत हे गाणं बांधलं गेलं. रॉजर टेलरच्या ड्रमचा आवाज कोरडा यावा म्हणून ड्रममध्ये ब्लँकेटं कोंबली आणि त्या ठेक्याची टेप गोल फिरवत ठेवली. त्यावर बेस डीकनचा आणि गिटारचाही बराचसा भाग त्याचाच. हे गाणं सिंगल म्हणून, म्हणजे स्वतंत्र तबकडीवर वेगळं काढा, असा आग्रह मायकल जॅक्सनने धरला होता. ऑक्टोबर १९८० मध्ये ते अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

आता ऐका. पहिल्या फेरीला काहीच मोजू नका, फक्त गुणगुणा. दुसऱ्या फेरीला मांडीवर बोटांनी मात्रा धरा. केरव्याच्या आठ मात्रा धरल्या की ओळ बरोबर बसते. पहिल्या तीन मात्रांवर एकेक टोला, तिन्ही वेळा तोच ई. चौथी मात्रा मोकळी. तिच्या अगदी शेवटाला पुढचं येतंय अशी चाहूल लागते आणि मग उरलेल्या चार मात्रांत तोच ई पुन्हा पुन्हा, मध्ये जी ला शिवून, ए वर चढून थांबणं. ई ला सा मानलं तर सा, कोमल ग आणि शुद्ध म. मुख्य ओळीत एवढाच ऐवज.

माझ्या कानाला ही ओळ उघडली ती घरातल्या एका प्रसंगाने. आमचे काका हार्मोनियम वाजवायचे, आणि त्यातही एकल तबलावादनाला लेहरा धरण्याचं काम त्यांच्याकडे असायचं. ज्यांनी अशा मैफली ऐकल्या आहेत त्यांना माहीत असेल : तबलजी कायदे, रेले, तुकडे घेतो आणि हार्मोनियमवाला अर्धा-पाऊण तास एकच छोटी सुरावट फिरवत राहतो. तिहाई समेवर आली की टाळ्या तबल्याला मिळतात. सम जिथल्या तिथे राखून ठेवलेली असते ती लेहऱ्याने. रॉक संगीताशी काकांचा काडीचा संबंध नव्हता. एकदा सुट्टीत मी हे गाणं मोठ्या स्पीकरवर लावलं होतं. ते पेपर वाचत होते. थोड्या वेळाने पाहिलं तर पेपर मांडीवर, आणि उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर मात्रा मोजतायत. एक, दोन, तीन, आणि चौथीला त्यांनी तळवा उलटा केला. तालातली 'खाली', म्हणजे रिकामी जागा, हाताने दाखवतात ना, तसा. गाणं संपल्यावर म्हणाले, "हा मुलगा वाजवतोय त्यापेक्षा थांबतोय कुठे ते बघ. ती चौथी मात्रा त्याची आहे."

तेव्हापासून मी ही ओळ ऐकताना तळवा उलटा करतो. तुम्हीही करून बघा. हाताने ती रिकामी मात्रा दाखवली की कानाला ती रिकामी राहत नाही. तिथे ड्रम आहे, कुठे गिटारची बारीक खरखर आहे, आणि बेसचा नुकताच तुटलेला स्वर हवेत टांगल्यासारखा जाणवतो. डीकनने ती जागा भरली असती तर हे सगळं झाकलं गेलं असतं.

चौथी पायरी : स्वराचा शेवट ऐका

नवखा श्रोता स्वर सुरू कुठे होतो ते ऐकतो. बेसमध्ये स्वर संपतो कुठे हे तितकंच महत्त्वाचं. बेसची जाड तार एकदा छेडली की बराच वेळ गुणगुणत राहते. ती मुद्दाम गप्प करावी लागते, बोटाने दाबून, तळव्याने स्पर्श करून. 'अनदर वन'मधले पहिले तीन टोले ऐका : प्रत्येक टोला वाजतो आणि कापला जातो. टोला, गप्प. टोला, गप्प. टोला, गप्प. त्या तीन 'गप्प'मध्ये तो ठसका आहे ज्याने पाय आपोआप हलतो.

हे मला वाजवताना कळलं, आणि जरा कडू रीतीने कळलं. कॉलेजात असताना एका मित्राची बेस गिटार उसनी आणली होती. त्याच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही सराव करायचो. ही ओळ मी एका संध्याकाळी बसवली, स्वर सगळे बरोबर, लयही बरोबर. तरी गाणं जड झालेल्या बैलगाडीसारखं चाललं होतं. ड्रम वाजवणारा मित्र दोनदा थांबला आणि शेवटी म्हणाला, "अरे, तुझी तार गप्प कधी होणार?" मी मोकळी ई तार छेडून तशीच वाजू देत होतो. मोकळ्या तारेला डाव्या हाताने दाबलेलंच नसतं, त्यामुळे बोट उचलून ती थांबत नाही. तिच्यावर हात आडवा ठेवून तिला झोपवावं लागतं. दुसऱ्या दिवशी मी फक्त तेवढंच केलं. स्वर तेच, वेग तोच. गाणं उभं राहिलं.

म्हणून ही पायरी ऐकतानाच तोंडाने करून बघा. एकदा 'डूम्म्म्म, डूम्म्म्म, डूम्म्म्म' असं लांबवून म्हणा. मग 'डुम्, डुम्, डुम्' असं हलन्त तोडून म्हणा. दोन्हींतला फरक तुमच्या छातीत जाणवेल. आंतरजालावर या गाण्याचा फक्त बेस वेगळा काढलेला तुकडा सहज सापडतो. चौथी पायरी त्यावर केली तर आणखी सोपी जाते.

वेगाचीही एक गोष्ट. गाण्याची लय मिनिटाला साधारण ११० ठोक्यांची आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देताना मिनिटाला १०० ते १२० चा वेग राखायचा असतो, त्यामुळे प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात हे गाणं लय लक्षात राहण्यासाठी वापरलं जातं. गाण्याचं नाव त्या प्रसंगाला शोभणारं नाही हे खरं, पण इतकी पक्की लय माणसाच्या हातात लगेच उतरते हे त्यामागचं कारण आहे. मेट्रोनोमचं, म्हणजे ठोके देत राहणारं, ॲप ११० वर लावून गाण्याशिवाय ही ओळ तोंडाने म्हणून बघा. चौथ्या मात्रेला घाई होते. सगळ्यांची होते. तिथे थांबता येणं हाच रियाज.

पाचवी पायरी : सात टोले

दुसरी प्रसिद्ध ओळ 'अंडर प्रेशर'ची. १९८१ साली स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या माउंटन स्टुडिओत क्वीन आणि ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी यांनी मिळून केलेलं गाणं. या ओळीत सात टोले आहेत आणि स्वर फक्त दोन : सहा वेळा डी आणि शेवटी एकदा खालचा ए. डी ला सा मानलं तर सहा सा आणि मंद्र पंचम.

कागदावर लिहिलं तर हसू येईल इतकं साधं. आता लयीत ऐका. पहिले तीन टोले सरळ, मग दोन जवळजवळ चिकटून, मग एक, आणि मग तो खालचा पंचम. त्या चिकटलेल्या जोडीमुळे ओळ क्षणभर पुढे धावते आणि पंचमावर येऊन बसते. मग शांतता. पुन्हा पहिल्यापासून. टाळ्या आणि चुटक्या तिच्या आजूबाजूला पडत राहतात, पियानो वर येतो, दोघे गायक गळ्याच्या टोकाला जातात, आणि खाली हे सात टोले आपले जागच्या जागी.

रॉजर टेलरने सांगितलेली एक आठवण मला फार आवडते. डीकनला ही ओळ सुचली, मंडळी जेवायला बाहेर पडली आणि परत येईपर्यंत तो ती पार विसरून गेला होता. टेलरच्या लक्षात होती, म्हणून वाचली. इतक्या साध्या गोष्टी सुचायला आणि निसटायला सारख्याच सोप्या असतात. पुढे १९९० मध्ये व्हॅनिला आइस या अमेरिकन रॅपरने 'आइस आइस बेबी'त हीच ओळ उचलली आणि तीही जगभर गाजली. म्हणजे एकाच ओळीवर दोन पिढ्या दोन वेगवेगळ्या गाण्यांसाठी नाचल्या.

इथला अभ्यास : संपूर्ण गाण्यात फक्त बेसबरोबर राहायचं. गायक कितीही ओढोत, कान खालीच ठेवायचा. पहिल्या दहा प्रयत्नांत तुम्ही फ्रेडीच्या मागे वाहत जाल. हरकत नाही, परत खाली या.

सहावी पायरी : तो गप्प का बसला, हे समजून घ्या

आता जरा माणसाकडे वळू, कारण त्याचा स्वभाव त्याच्या वाजवण्यात दिसतो. जॉन डीकन १९ ऑगस्ट १९५१ ला इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात जन्मला. शाळेच्या वयात 'द ऑपोझिशन' नावाच्या बँडमध्ये तो आधी साथीची गिटार वाजवायचा, मग बेसवाला कमी पडला म्हणून बेसकडे आला. लंडनच्या चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि पहिल्या श्रेणीत पास झाला. १९७१ मध्ये क्वीनमध्ये आला तेव्हा वय एकोणीस, चौघांत सगळ्यात लहान. त्याच्याआधी बँडने बेसवर काही जण आजमावून पाहिले होते. टिकला तो हाच, शांत मुलगा. बाकी तिघे गाणारे, हा गात नसे.

इलेक्ट्रॉनिक्सचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९७२ मध्ये लंडनच्या रस्त्यावर कचऱ्याच्या मोठ्या डब्यात त्याला एक फेकून दिलेलं सर्किट दिसलं. घरी आणून त्याने ते पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं. त्याला आवाजाचं बटण नाही, सुराचं बटण नाही, काहीच नाही. ब्रायन मेने आपली गिटार त्यात लावली आणि तो आवाज इतका आवडला की क्वीनच्या तबकड्यांवर गिटारचे जे वाद्यवृंदासारखे थर ऐकू येतात, ते उभे करायला हा छोटा ॲम्प्लिफायर पुढे वर्षानुवर्षं वापरला. 'डीकी ॲम्प' हे त्याचं नाव. १९७५ च्या 'गुड कंपनी' या गाण्यात जो जुन्या जाझ बँडचा भास होतो, ती सगळी ब्रायनची गिटार आहे, आणि तिच्यामागे डीकनने कचऱ्यातून उचललेलं सर्किट.

दुसऱ्याचा आवाज छान यावा म्हणून खोकं बनवून देणारा हा माणूस. बेसही तो तसाच वाजवतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. १९८४ चं 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' ऐका. गाणं त्याने स्वतः लिहिलंय. दुसरा कुणी असता तर बेसला एक छानसा चमकदार तुकडा ठेवला असता. इथे मधली एकल सुरावट पाहुणे कीबोर्डवादक फ्रेड मँडेल यांच्या सिंथेसायझरला दिलेली आहे आणि बेस खाली साध्या चालीने चालत राहतो.

सातवी पायरी : त्याला अवघडही येतं, याची खात्री करून घ्या

साधं वाजवणाऱ्याबद्दल एक शंका हमखास येते : याला जास्त येत नसेल, म्हणून साधं वाजवतो. मला ही शंका टोचते, त्यामुळे तिचं निरसन इथेच करू. १९७६ च्या 'अ डे ॲट द रेसेस' या तबकडीवरचं 'द मिलियनेअर वॉल्ट्झ' लावा. फ्रेडीचं गाणं, तीन मात्रांच्या वॉल्ट्झचं. इथे पियानोच्या जोडीने बेस चक्क बागडतो. वर जातो, खाली घरंगळतो, पियानोच्या ओळीला उत्तर देतो. हे एकदा ऐकलं की 'अनदर वन'मधली चौथी मात्रा त्याने मुद्दाम मोकळी सोडली होती, हे मनाला पटतं.

या दोन टोकांच्या मधलं गाणं १९७५ चं 'यू आर माय बेस्ट फ्रेंड'. डीकनने पत्नीसाठी लिहिलेलं. त्यातला तो घुंगरांसारखा किणकिणणारा वुर्लिट्झर हा इलेक्ट्रिक पियानोही त्यानेच वाजवला, कारण फ्रेडीला ते वाद्य आवडत नसे. इथे बेसचा गुण निराळा : गायकाची ओळ चालू असते तोवर तो आधार देतो आणि ओळ संपते तिथे थोडं चढून-उतरून बोलतो. चांगला पेटीवाला गायकाला जागा देऊन मग भरतो, तसं. पूर्ण गाणं ऐकू नका सुरुवातीला. पहिलं मिनिटभर ऐका आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी बेस काय म्हणाला तेवढंच टिपा.

अजून भूक असेल तर १९८० चं 'ड्रॅगन अटॅक'. ते ब्रायन मेचं गाणं, पण त्यात ड्रम आणि बेस दोघांना मोकळं अंगण मिळालंय. आणि १९८२ चं 'कूल कॅट', फ्रेडी आणि डीकन दोघांनी मिळून लिहिलेलं, संथ आणि रेशमी. रात्री दिवे मालवून ऐकावं असं. 'हॉट स्पेस' ही तबकडी, जिच्यावर ते आहे, रॉकवाल्यांना फारशी आवडत नाही. मला त्यातला बेस आवडतो आणि मी ते सांगायला कचरत नाही.

आठवी पायरी : डोळ्यांनी ऐका

नोव्हेंबर १९८१ मध्ये माँट्रियालला चित्रित झालेला क्वीनचा कार्यक्रम पाहा. किंवा १३ जुलै १९८५ चा वेम्ब्ली स्टेडियमवरचा लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीतला वीस-एकवीस मिनिटांचा प्रयोग, तो तर सगळ्यांनी पाहिलेला असतो. आता परत पाहा आणि कॅमेरा कुठेही जाओ, तुम्ही डीकनला शोधा. तो बहुधा मागे, ड्रमच्या जवळ सापडेल. ड्रमच्या मोठ्या नगाऱ्याचा, पायाने वाजवतात त्याचा, ठोका आणि बेसचा टोला एकावर एक पडले की दोघांचा मिळून एकच आवाज होतो. त्यासाठी ही जवळीक. त्याच्या पायांकडेही बघा. तो छोट्या छोट्या पावलांनी नाचत असतो, प्रेक्षकांसाठी मुळीच नाही. ती लय त्याच्या कमरेत आधी आहे आणि बोटांत नंतर.

नववी पायरी : एकदा तरी वाजवा

बेस गिटार नसली तरी अडत नाही. साधी गिटार असेल तर सगळ्यात जाड तार घ्या : मोकळी तार म्हणजे ई, तिसरा पडदा जी, पाचवा पडदा ए. 'अनदर वन'ची मुख्य ओळ एवढ्यात वाजते. हार्मोनियम असेल तर आणखी सोपं : पांढरी तीन, पांढरी पाच, पांढरी सहा. पट्टी दाबून लगेच सोडा, भाता मात्र एकसारखा चालू ठेवा. 'अंडर प्रेशर'साठी पांढरी दोन सहा वेळा आणि मग खालच्या सप्तकातली पांढरी सहा.

स्वर दहा मिनिटांत बसतील. मग गाणं लावून त्याच्याबरोबर तीन मिनिटं न थांबता, न सजवता वाजवा. दुसऱ्याच मिनिटाला हात काहीतरी वेगळं करायला शिवशिवतील, एखादा जादा स्वर, एखादी मींड. करू नका. तीन मिनिटं तेच, तितक्याच जोराने, तितकंच तोडून. दंड भरून येतो. हे मी गेली कित्येक वर्षं करतोय आणि अजूनही एखादा टोला लांबतोच.

फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला. डीकनने त्यानंतर थोडंफार वाजवलं, १९९७ मध्ये बँडबरोबर शेवटचं, आणि मग तो संगीतातून पूर्ण बाजूला झाला. २००१ मध्ये क्वीनला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, त्या सोहळ्यालाही तो गेला नाही. त्यामुळे पुढे ऐकायला नवीन काही नाही, जे आहे ते १९७३ पासूनच्या तबकड्यांवर आहे. पुष्कळ आहे.

हे सगळं झालं की कान दुसऱ्या कुणावर लावून बघा. माझी शिफारस एसी-डीसी या रॉक बँडच्या बेसवादकाची, क्लिफ विल्यम्सची. १९७९ चं 'हायवे टू हेल' लावा, कडव्यात बेस वाजतच नाही. डोळे मिटा, हात मांडीवर ठेवा आणि तो आत आल्याक्षणी हात वर करा.